शेरूच्या तोंडात काय झाले होते?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आमचा शेरू दारात धावत आला नाही. तो कोपऱ्यात बसून पुढच्या पायाने तोंड घासत होता. लाळ गळत होती. भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचा आणि लगेच खाली टाकायचा.

मी त्याचा जबडा उघडायला गेलो. आईने मला मागे ओढले. "त्याची लस झाली आहे का?" तिने विचारले. मी गप्प झालो. लसीचे कार्ड जूनमध्ये चुकून माझ्याच वहीतून शाळेत आले होते. तारीख उलटून दोन महिने झाले होते.

माझ्या हाताला लाळ लागली होती. आईने साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे हात धुवायला लावले. हातावर जखम किंवा ओरखडा नव्हता, हे नशीब.

पशुवैद्य म्हणाले, "लाळ गळणे, जबडा लोंबणे, गिळता न येणे ही रेबीजचीही लक्षणे आहेत. म्हणून कारण कळेपर्यंत तोंडात हात घालायचा नाही." त्यांनी शेरूला भूल देऊन तपासले. वरच्या दाढांमध्ये, टाळूला आडवा, हाडाचा तुकडा अडकला होता. तो काढला आणि संध्याकाळी शेरू दूधभात खाऊ लागला. पुढे बरा झाल्यावर राहिलेली लसही दिली.

त्या दिवशी शिकलेल्या गोष्टी:

१. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. हाड, काठी किंवा दगड चावल्याने दात तुटतो किंवा तुकडा अडकतो.

२. एकाच बाजूने चावणे, तोंडाला दुर्गंधी, हिरड्या लाल होणे, डोळ्याखाली सूज ही दुखण्याची चिन्हे आहेत. दुखत असूनही बरीच कुत्री खात राहतात. म्हणून 'जेवतो, म्हणजे बरा आहे' असे समजू नये.

३. आपली वेदनाशामक गोळी किंवा टूथपेस्ट देऊ नये. ती कुत्र्याला विषारी ठरू शकते.

४. लाळ जखमेला, डोळ्याला किंवा तोंडात लागली, किंवा कुत्रा चावला, तर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कुठे दुखते, हे शेरूला सांगता येत नाही. ते आपणच पाहायचे असते. कार्ड आता घरी भिंतीवर लावले आहे आणि पुढची तारीख माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.