अर्थशास्त्राच्या पदवीस प्रवेश : पात्रता व पूर्वतयारी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे गल्ल्याच्या बाजाराचा वार्षिक आढावा मागितला होता. तो लिहावयास बसलो असता मनात दुसराच विषय घोळत राहिला, आणि मंडळाच्या अनुमतीने तोच येथे मांडीत आहे. बाजार काय, पुढील वर्षीही असेलच. परंतु आपल्या घरांतील ज्या मुलामुलींची दहावी या वर्षी होत आहे, त्यांच्यासाठी पुढील वर्षी फार उशीर झालेला असेल.

आरंभीच सांगतो की प्रस्तुत लेखक केवळ मॅट्रिक आहे. विदर्भातून येऊन भोपाळात हनुमानगंजच्या गल्ला बाजारात वडिलांच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत धान्याच्या घाऊक व्यापारात आहे. राहणे हबीबगंजला. (स्थानकाचे नाव नोव्हेंबर 2021 मध्ये राणी कमलापती झाले, वस्तीस मात्र आम्ही अजून हबीबगंजच म्हणतो.) तेव्हा विद्यापीठाच्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार इतकाच, की या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत माझ्या नातीने मोजली.

सन 2022 मध्ये ती उत्तम गुणांनी दहावी उत्तीर्ण झाली. घराण्याचा धंदा व्यापाराचा, म्हणून अकरावीस वाणिज्य शाखा घ्यावयाची हे ठरलेलेच होते. लेखाकर्म, व्यवसाय अध्ययन, अर्थशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय निश्चित झाले. पाचवा विषय गणित घ्यावा की शारीरिक शिक्षण, हा प्रश्न उरला. मुलगी म्हणाली, "गणित घेते." मी म्हणालो, "बेटा, हिशेब तर लेखाकर्मात आलेच. गणिताने टक्केवारी उगाच खाली येईल." शाळेतील ज्या गृहस्थांकडे विषयांचा अर्ज द्यावयाचा होता, त्यांनीही माझीच री ओढली. अर्जावर शारीरिक शिक्षण लिहिले गेले आणि खाली पालक म्हणून सही माझी झाली.

दोन वर्षांनी बारावी झाल्यावर तिने दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी जाण्याची इच्छा दर्शविली. घरात कोणाचीच हरकत नव्हती. येथून दिल्लीस शताब्दी आहे, एप्रिल 2023 पासून वंदे भारतही आहे. सकाळी निघालेले माणूस दुपारी पोचते. परंतु प्रवेशाचे नियम वाचावयास बसलो, तेव्हा कळले की जे दार उघडावयास आम्ही निघालो होतो, ते दोन वर्षांपूर्वी माझ्याच सहीने बंद झाले होते.

तो नियम काय, हे आता सविस्तर सांगतो. सन 2022 पासून दिल्ली विद्यापीठातील पदवीचे प्रवेश बारावीच्या टक्केवारीवर होत नाहीत. केंद्रीय विद्यापीठांसाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था 'सीयूईटी' नावाची एक सामायिक प्रवेश परीक्षा घेते. तिच्यातील गुणांवर क्रम लागतो. बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक, परंतु तेथील गुणांचा उपयोग दोन विद्यार्थ्यांचे गुण समान पडले तरच व्हावयाचा. या परीक्षेत विद्यार्थ्याने कोणकोणते विषय द्यावयाचे, हे ज्या त्या अभ्यासक्रमाने ठरविलेले असते. अर्थशास्त्र ऑनर्ससाठी गणित अथवा उपयोजित गणित हा विषय अनिवार्य आहे. सोबत एक भाषा व अन्य विषय द्यावयाचे असतात. त्या अन्य विषयांत अर्थशास्त्र असलेच पाहिजे असेही नाही! म्हणजे ज्याने शाळेत अर्थशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही, परंतु गणित केले आहे, तो आत जाऊ शकतो. आणि जिने दोन वर्षे अर्थशास्त्र मन लावून वाचले, ती गणिताविना बाहेर राहते. प्रथम मला हा मोठा अन्याय वाटला. त्याच विद्यापीठाच्या बी. कॉम. ऑनर्सला गणिताच्या जागी लेखाकर्म चालते, हे वाचून तर अधिकच. नंतर विचार करता त्यातील संगती ध्यानी आली, ती आपल्याच धंद्याच्या भाषेत मांडून पाहतो.

आपण म्हणतो, "आवक वाढली, भाव पडला." हे झाले निरीक्षण. अर्थशास्त्री पुढे विचारतो : किती आवक वाढली असता किती भाव पडला? समजा, एका किराणा दुकानात तूरडाळ 100 रुपये किलोने दिवसाला 50 किलो खपते. भाव 110 झाला आणि खप 48 किलोवर आला. भाव दहा टक्के चढला, खप चारच टक्के उतरला. गल्ला 5,000 रुपये होता, तो 5,280 झाला. आता काजू घ्या. 800 रुपयांनी 20 किलो खपत होते. भाव 880 होताच खप 16 किलोवर आला. येथेही भाववाढ दहाच टक्के, पण खप वीस टक्के घटला आणि गल्ला 16,000 वरून 14,080 वर आला. डाळ घरात लागतेच, काजूविना चालते, हे तुम्हांआम्हांस ठाऊक आहे. शास्त्र त्या ठाऊक असण्यास संख्या देते. पहिल्या उदाहरणात ती 0.4 आली, दुसऱ्यात 2. हिला मागणीची लवचिकता म्हणतात. ती एकाच्या आत असेल तर भाव वाढविल्याने गल्ला वाढतो, एकाहून अधिक असेल तर घटतो. सरकारला एखाद्या जिनसेवर कर बसवावयाचा असला तरी हीच संख्या पाहावी लागते.

दुसरे उदाहरण साठ्याचे. हरभरा 5,000 रुपये क्विंटलने भरला. दरमहा एक टक्का व्याजाचे 50 रुपये, गोदामभाडे, हमाली व सुकून होणारी घट धरून समजा आणखी 25. म्हणजे एक महिना थांबण्याचा खर्च 75 रुपये. या महिन्यात भाव 120 ने चढेल असा अंदाज असेल तर थांबावे. पुढील महिन्यात 75 नेच चढणार असेल तर काट्यावर माल चढवावा, कारण त्यापुढे थांबण्यात लाभ उरत नाही. एकूण नफा किती झाला हे येथे कोणी विचारीत नाही. शेवटच्या महिन्याने काय दिले आणि काय घेतले, इतकेच पाहावयाचे. शास्त्रात यास सीमांत विचार म्हणतात आणि जवळजवळ सारे अर्थशास्त्र त्यावर उभे आहे. आता महिन्याऐवजी दिवस घ्या, दिवसाऐवजी घटका घ्या, आणि बदलाचा वेग त्या त्या क्षणी काढू लागा, की बारावीच्या गणितातील कलनशास्त्र आलेच. लेखाकर्म हे झालेल्या व्यवहाराची नोंद ठेवते. अर्थशास्त्राला न झालेल्या व्यवहाराचा अंदाज बांधावयाचा असतो. मी नातीस जे सांगितले होते, ते या दोहोंतील भेद न कळल्यामुळे.

हा संबंध काही आजचा नव्हे. दादाभाई नौरोजी मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते, आणि हिंदुस्थानच्या दरडोई उत्पन्नाचा हिशेब मांडणारे पहिलेही तेच; सन 1867-68 साठी त्यांनी तो आकडा वर्षाला 20 रुपये काढला. आपल्या पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 मध्ये रावबहादुर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्याच संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. किमान पोषणास लागणाऱ्या उष्मांकांपासून आरंभ करून गरिबीची रेषा कोठे ओढावी, याचे गणित त्यात आहे. दांडेकर मूळचे संख्याशास्त्राचे. ज्वारी-बाजरीचे भाव आणि माणसाचे पोट यांचा मेळ त्यांनी आकड्यांनी घातला, हे आपण गल्ल्याच्या व्यापाऱ्यांनी तरी विसरू नये.

मॅट्रिक या शब्दाचीही एक गंमत आहे. शाळा संपल्याची परीक्षा, असा त्याचा अर्थ आपण करतो. मुळात ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1859 च्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या थोड्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे भारतीय अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली. आपल्या मध्यप्रदेशातील महू येथे जन्मलेले डॉ. आंबेडकर 1907 मध्ये मॅट्रिक झाले, 1912 मध्ये अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले आणि 1923 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या वाटेने डी. एस्‌सी. मिळविती झाली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास. त्या काळी एका परीक्षेने दार उघडे. आज दारे अनेक आहेत आणि प्रत्येकाची किल्ली निराळी.

त्यांपैकी जवळची दारे प्रथम पाहू. भोपाळातील महाविद्यालयांत अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी. ए. करण्यास गणिताची अट नाही; बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण असले तरी चालते. ही महाविद्यालये बरकतउल्ला विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि प्रवेश राज्याच्या उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश व्यवस्थेतून बारावीच्या गुणांवर होतो. राज्याने 2021-22 पासून नवे शिक्षण धोरण स्वीकारल्याने तीन वर्षांनी पदवी, आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स, अशी रचना आहे. सागरचे डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठ 2009 पासून केंद्रीय झाले असल्याने तेथे सामायिक परीक्षेचा मार्ग आहे. महाराष्ट्रातही बी. ए.च्या अर्थशास्त्रास सर्वसाधारणपणे कोणतीही शाखा चालते. मुंबई व कानपूर येथील आय. आय. टी. मध्ये अर्थशास्त्राची बी. एस. पदवी आहे खरी, परंतु तिची वाट अभियांत्रिकीच्या जेईई परीक्षेतून जाते. भौतिक व रसायनशास्त्र न घेतलेल्या वाणिज्याच्या विद्यार्थ्यास ती नाही. परदेशाचा विचार असणाऱ्यांनी इतके ध्यानात ठेवावे, की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा केंब्रिज येथे अर्थशास्त्राच्या पदवीस उच्च पातळीचे गणित मागतातच.

म्हणून खरी वेळ अकरावीची. किंबहुना दहावीचीच म्हणावयास हवी, कारण केंद्रीय मंडळाने 2020 च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन पातळ्या केल्या आहेत : मूलभूत व प्रमाणित. मूलभूत पातळी घेतलेल्यास अकरावीत गणित मिळेल की नाही, याचे नियम मधून मधून बदलत आले आहेत. तेव्हा शक्य तो प्रमाणितच घ्यावे. त्याच मंडळाने 2020-21 पासून अकरावीस उपयोजित गणित हा विषय आणला. ज्यांच्या मुलांस गणिताचे भय वाटते त्यांनी याचा अभ्यासक्रम एकदा पाहावा. कलनशास्त्र आहे, संभाव्यता आहे, त्याबरोबर कर्जाचे हप्ते, वार्षिकी, कालानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा कल, असे विषय आहेत. आपल्या पेढीवर बसून शिकविता येतील इतके ते ओळखीचे. मात्र सर्वच शाळांत तो शिकविला जात नाही. अर्ज भरण्यापूर्वी चौकशी करावी, आणि उत्तर तोंडी न घेता माहितीपत्रकात छापलेले वाचावे. तोंडी उत्तरावर विसंबून मी काय मिळविले, ते वर आलेच आहे.

परीक्षेविषयी दोन शब्द. 2025 मध्ये सामायिक परीक्षा संगणकावर झाली. प्रत्येक विषयाचे 50 प्रश्न व वेळ 60 मिनिटे. बरोबर उत्तरास पाच गुण, चुकल्यास एक वजा. विद्यार्थ्यास जास्तीत जास्त पाच विषय देता येत होते. प्रश्नपत्रिका तेरा भाषांत मिळते, त्यांत मराठीही आहे. दरवर्षी काही ना काही बदलते, तेव्हा त्या वर्षीचेच पत्रक वाचावे, मागील वर्षाच्या मुलांच्या सांगण्यावर जाऊ नये.

कागदपत्रांत आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव 'जैन', आधारवर कुळाचे आडनाव, आणि वडिलांच्या दाखल्यावर तिसरेच काही, असे प्रकार घरोघरी आहेत. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा नववीतच ते एक करून घ्यावे. तसेच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी 2019 पासून दहा टक्के जागा आहेत. ज्यांना अन्य आरक्षण नाही आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांस त्यांचा लाभ मिळतो. शेती व घर यांच्याही मर्यादा आहेत. एकत्र राहणाऱ्या आजोबा-काकांचे उत्पन्न त्यात धरावयाचे नसते, हे अनेकांस माहीत नाही. सर्व व्यापारी श्रीमंत असतात हा जगाचा गैरसमज. लहान दुकानदार सभासदांनी संकोच न करता हा दाखला काढावा.

ज्यांचे गणित सुटले आहे त्यांनी काय करावे? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून एखादा विषय स्वतंत्रपणे देता येतो. परंतु तो अमुक विद्यापीठास चालेल काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे, आणि एक वर्ष जाते हेही मनात धरावे. माझ्या नातीने वर्ष घालविले नाही. ती भोपाळातच अर्थशास्त्र मुख्य विषय घेऊन बी. ए. करीत आहे आणि शिक्षकांविषयी समाधानी आहे. एम. ए. साठी मात्र तिला दिल्लीसच जावयाचे आहे, आणि त्या परीक्षेतही गणितावाचून गती नाही. म्हणून पहाटे पाचला उठून ती अकरावीचे गणित आता करीत बसते. मी सामायिकास उठतो तेव्हा तिच्या खोलीत दिवा असतो. एकदा तिने मला विचारले, "आजोबा, तुम्ही साठा कधी विकायचा हे कसे ठरवता?" मी वरील हरभऱ्याचे उदाहरण तिला सांगितले. तिने ते वहीत उतरून घेतले, एक वक्र रेषा काढली आणि म्हणाली, "हे तर माझ्या तिसऱ्या प्रकरणात आहे."

धाकटा नातू यंदा दहावीस आहे. त्याचा विषयांचा अर्ज आला, की मी प्रथम तिच्याकडे देणार आहे. सही नंतर करीन.