संगणकाची भाषा : कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी पहिला पाठ



संगणकाला काम सांगणारी आज्ञावली लिहिणे हे विज्ञान शाखेच्या, त्यातही इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे काम, असा समज नांदेड-लातूरकडे आजही घट्ट आहे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र अनेकांजवळ असते. पण तो अभ्यासक्रम प्रामुख्याने संगणक वापरण्याचा. पुढचे शिकावयाचे म्हटले की क्लास, आणि क्लास म्हटला की फी. त्या फीसाठी कर्ज विचारणारे पालक आम्हास काउंटरवर भेटतात. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर, बँकेतील कारकून. आमचे म्हणणे एवढेच की, फी भरण्याआधी महिनाभर ही विद्या घरीच, मोबाईलवर करून पाहावी.

सुरुवातीस पायथन ही भाषा घ्यावी. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे. गुगल कोलॅब उघडून लिहिलेल्या ओळी तिथेच चालवून पाहता येतात. गुगलचे खाते मात्र लागते. मराठीतून ऐकावयाचे असल्यास आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात सी भाषेचे छोटे पाठ मराठीतही आहेत. तेही विनामूल्यच.

प्रत्येक भाषेस व्याकरण असते. इथे त्यास सिंटॅक्स म्हणतात. मराठीत एखादा काना राहिला तरी वाचणारा अर्थ लावून घेतो. संगणक घेत नाही. समजा, शिल्लक ५०० पेक्षा कमी असल्यास सूचना छापावयाची आहे. अट सांगणाऱ्या 'इफ'च्या ओळीच्या शेवटी अपूर्णविरामाची दोन टिंबे हवीतच, आणि खालची ओळ थोडी आत सरकवलेली हवी. 'शिल्लक' हे नाव मात्र खुशाल देवनागरीत द्यावे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनला अशी नावे चालतात. 'इफ', 'फॉर', 'प्रिंट' हे ठरावीक शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावेत. आकडेही इंग्रजी घालावेत.

चूक झाली की पडद्यावर इंग्रजी मजकूर उमटतो. बहुतेक मुले इथेच सोडून देतात, आणि आमच्या मते खरा अभ्यास इथूनच सुरू होतो. शेवटची ओळ आधी वाचावी. तीत चुकीचा प्रकार असतो, आणि वर ओळीचा क्रमांक. कंस बंद करावयाचा राहिला तर जुन्या आवृत्त्या कित्येकदा पुढच्याच ओळीवर बोट ठेवत. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून उघडा राहिलेला कंसच दाखविला जातो.

आता माहितीची मांडणी. हा भाग व्याख्या पाठ करून येत नाही. लातूर पॅटर्नची शिस्त आणि सराव इथे उपयोगी पडतील, घोकंपट्टी नाही.

बँकेत टोकनची रांग असते. जो आधी आला त्याचे काम आधी. या मांडणीस क्यू म्हणतात. टेबलावर एकावर एक ठेवलेल्या स्लिपांत मात्र शेवटी ठेवलेली आधी हाती येते, तो स्टॅक. पायथनमधील 'लिस्ट' या दोन्ही कामी येते. फक्त मोजणी शून्यापासून असते हे ध्यानात ठेवावे. चार नावांच्या यादीत शेवटचे नाव तिसऱ्या जागी असते. चौथी जागा मागितली की संगणक तक्रार करतो. लिस्टमधील पहिला काढला की मागचे सर्व एकेक जागा पुढे सरकतात. दहा-वीस नावांत काही वाटत नाही, लाखभर असल्यास वेळ लागतो. त्यासाठी 'डेक' नावाची वेगळी मांडणी पायथनमध्येच तयार आहे.

खातेदाराची शिल्लक पाहावयास आपण खतावणी पहिल्या पानापासून चाळत नाही, खाते क्रमांकावरून थेट पान काढतो. ही झाली 'डिक्शनरी'. खाते क्रमांक नेहमी अवतरणचिन्हांत लिहावा, कारण तो शून्याने सुरू होत असेल तर पायथन त्यास संख्या म्हणून स्वीकारत नाही. नाही तरी खाते क्रमांकाची कोणी बेरीज करीत नाही!

स्वाध्याय : रांगेत ११ ते १६ ही सहा टोकने आहेत. पहिल्या दोघांचे काम झाले, १७ क्रमांकाचा नवा ग्राहक शेवटी उभा राहिला. आता शून्याव्या जागी कोणते टोकन, आणि १७ कितव्या जागी? उत्तर आधी कागदावर काढावे, मग मोबाईलवर पडताळावे.