शोधाच्या निबंधाला जोडीचे पुस्तक कसे निवडावे?



ऑस्ट्रेलिया देशात न्यू साउथ वेल्स नावाचे राज्य आहे. सिडनी शहर त्याच राज्यात आहे. तिथल्या बारावीच्या मुलांना २०१५ ते २०१८ या वर्षांत इंग्रजीच्या पेपरात 'शोध' हा विषय होता. एक पुस्तक नेमलेले असायचे. त्याच्या जोडीला दुसरे पुस्तक मुलांनी आपल्या मनाने निवडायचे आणि दोन्हींवर मिळून निबंध लिहायचा. हे आम्हाला गुरुजींनी सांगितले. आता निवडायचे कसे, ते बघू.

नेमलेल्या पुस्तकांत शेक्सपिअरचे 'द टेम्पेस्ट', म्हणजे वादळ, हे नाटक होते. ते सुमारे १६११ सालचे आहे. प्रॉस्परो नावाच्या सरदाराचे राज्य त्याचा भाऊच बळकावतो. प्रॉस्परो आपल्या लहान मुलीला, मिरांडाला, घेऊन एका बेटावर येतो. बेटावर कॅलिबन आधीपासून राहात असतो. तोच त्यांना गोड्या पाण्याचे झरे दाखवतो. पण पुढे तोच गुलाम होतो! बारा वर्षांनी वादळात सापडून एक जहाज तिथे येते. मिरांडा इतकी माणसे पहिल्यांदाच बघते आणि हरखून जाते. तिच्या वडिलांना मात्र त्यातली माणसे जुनीच ओळखीची असतात. म्हणजे एकाला जे नवे, ते दुसऱ्याला जुने.

याच्या जोडीला कुणी म्हणेल, कोलंबस घ्या. तो १४९२ मध्ये जहाजातून गेला. कुणी म्हणेल, आर्मस्ट्राँग घ्या. तो १९६९ मध्ये चंद्रावर उतरला. नावे मोठी आहेत. पण नुसते नाव मोठे बघून घेतले तर निबंधात "यानेही शोधले, त्यानेही शोधले" एवढेच येते. जात्याचे दोन्ही दगड गुळगुळीत झाले की दळण नीट निघत नाही. मग टाकी लावावी लागते. दोन पुस्तकांचं पण तसंच आहे. ती एकमेकांना थोडी घासली पाहिजेत.

म्हणून निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

१) या पुस्तकात कुणाला काय नवे कळते?
२) पहिल्या पुस्तकाने जे सांगितले नाही, ते हे सांगते का?
३) यातल्या दोन-तीन बारीक गोष्टी पुरावा म्हणून दाखवता येतील का?

'द रॅबिट्स', म्हणजे ससे, हे चित्रांचे पुस्तक या तिन्ही प्रश्नांना उतरते. जॉन मार्सडेन यांनी ते लिहिले आणि शॉन टॅन यांनी चित्रे काढली. ते १९९८ मध्ये निघाले. त्यात ससे जहाजातून येतात. आधी थोडे येतात, मग लई येतात. घरे बांधतात, झाडे तोडतात, तिथल्या प्राण्यांची पिल्लेसुद्धा नेतात. ही गोष्ट ससे सांगत नाहीत. तिथे आधीपासून राहणारे प्राणी सांगतात. नाटकात कॅलिबनला थोडेच बोलायला मिळते. इथे सगळे बोलणे त्याच्यासारख्यांचेच आहे. म्हणून जोडी चांगली जमते.

चित्रांचे पुस्तक म्हणजे बारक्या पोरांचे, असे समजू नये. १७७० मध्ये कॅप्टन कुक ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला पोचला. पुष्कळ पुस्तकांत त्यालाच शोध म्हटले आहे. पण तिथले मूळ लोक हजारो वर्षे तिथेच राहात होते. पुढे सरकारने त्यांची मुले आईबापांपासून तोडून नेली. त्याबद्दल १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. पिल्लांचे चित्र बघताना हे आठवले की पोटात कसंतरी होतं.

आपल्याकडेही असे आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याची लेणी शोधली, असे म्हणतात. पण आसपासच्या लोकांना ती ठाऊकच होती. मग शोध लागला तो कुणाला? हा प्रश्न निबंधात आला पाहिजे.

लिहिताना आधी एक गोष्ट संपूर्ण आणि मग दुसरी संपूर्ण, असे सांगत बसू नये. दोघांना शेजारी शेजारी बसवावे. नाटकात येणारा माणूस काय बघतो, ते एका वाक्यात. चित्रात आधीचा राहणारा काय बघतो, ते लगेच पुढच्या वाक्यात. मग आपले मत.

लक्षात ठेवा : जोडीचे पुस्तक पहिल्याच्या मागे मान हलवणारे नको, त्याला प्रश्न विचारणारे हवे.

तुमच्यासाठी काम : आपल्या पुस्तकातला शोधाचा एक धडा घ्या. ती जागा किंवा ती वस्तू आधीपासून कुणाला ठाऊक असेल? त्याच्या तोंडून पाच ओळी लिहा आणि गुरुजींकडे द्या. चांगल्या ओळी पुढच्या अंकात लावू.

— इयत्ता ४ थी