ओळखीचा बिल्ला

मोठ्या देवळाच्या दाराशी पादत्राणे सांभाळणारा मनुष्य तुम्ही पाहिला असेल. तो एक बिल्ला आपल्या हाती देतो आणि त्याच आकड्याचा दुसरा आपल्या चपलांना अडकवतो. परतल्यावर तो आपले तोंड पाहत नाही, बिल्ल्यावरचा आकडा पाहतो. शेकडो भाविकांचे चेहरे त्याने कसे लक्षात ठेवावेत?

संकेतस्थळांचीही स्थिती अशीच आहे. संगणक त्यांच्याशी ज्या नियमांनी बोलतो, त्यांत मागील भेटीची आठवण ठेवण्याची सोयच नाही. एक पान मागितले, ते मिळाले, की व्यवहार संपला. दुसरे पान मागणारा मनुष्य तोच की निराळा, हे कळावे कसे? या अडचणीवर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने तोड काढली. संकेतस्थळाने ब्राउझरपाशी एक लहानशी नोंद ठेवावी आणि पुढील प्रत्येक भेटीत ब्राउझरने ती दाखवावी. हीच कुकी. बिस्किटाशी तिचा काही संबंध नाही. संगणकतज्ज्ञांच्या बोलीत ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून होता, त्यावरून हे नाव पडले.

आपण पासवर्ड देऊन प्रवेश केला, की संकेतस्थळ असाच बिल्ला देते. म्हणून दुसऱ्या दिवशी पासवर्ड बहुधा विचारला जात नाही. येथे एक भेद ध्यानात घ्या. पुष्कळ मोठी माणसेही येथे घोटाळतात. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड कुकीजमध्ये नसतात, ते निराळ्या कप्प्यात असतात. कुकीज पुसल्या तर बिल्ला जातो, पासवर्ड राहतो. पुन्हा प्रवेश करता येतो. मात्र पुसण्याच्या यादीत ‘पासवर्ड’ या शब्दापुढेही खूण केली, तर तोही गेलाच!

मग कुकीज पुसाव्या तरी कशाला? कारण सगळेच बिल्ले आपण मागितलेले नसतात. एखादे वृत्तपत्र उघडावे, तर त्या पानावरचा जाहिरातवालाही आपला बिल्ला हळूच आपल्या खिशात सरकवतो. पुढे दुसऱ्या संकेतस्थळावर तोच भेटला, की बिल्ला पाहून तुम्हांस ओळखतो. आणि तुम्ही कोठे कोठे हिंडलात, याची त्याची वही भरत जाते. सफारी ब्राउझर अशा परक्या कुकीज २०२० पासून आपण होऊन अडवतो. इतर कित्येक ब्राउझरांतही सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करता येतात. आपले प्रवेश त्यामुळे सहसा मोडत नाहीत. फायरफॉक्समध्ये तर आणखी एक सोय आहे. तो बंद करताच सर्व कुकीज पुसल्या जाव्यात, पण अपवादांच्या यादीतील संकेतस्थळे तेवढी वगळावीत, असे त्यास सांगून ठेवता येते.

शाळेतील किंवा ग्रंथालयातील संगणकाची गोष्ट वेगळी. बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या! आपण नुसते पान मिटून उठलो, तर मागून येणारा मनुष्य पासवर्डावाचून आपली पत्रे वाचू शकेल. म्हणून तेथे लॉग आउट करूनच उठावे. आरंभीच खाजगी खिडकी उघडली असेल तर अधिक बरे. अशा सर्व खिडक्या मिटल्या, की त्यांतील कुकीज आपोआप पुसल्या जातात.