मनातला उमेदवार की निवडून येणारा?

प्रश्न : मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी शहरात राहते. नागरिकत्व घेतलं आहे, पण कुठल्याच पक्षात नाव नोंदवलेलं नाही. अध्यक्षपदाच्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका घेण्याचा विचार आहे. एका उमेदवाराची मतं मनापासून पटतात. पण घरचे आणि मैत्रिणी म्हणतात, नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याचा टिकाव लागणार नाही, मत फुकट घालवू नकोस. काय करावं?
— एक वाचक

उत्तर : महाराष्ट्रात तिकीट कोणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि 'इलेक्टिव्ह मेरिट'चा हिशोबही तेच मांडतात. तुमच्याकडे प्रायमरीमुळे तो अधिकार मतदाराकडे आहे, म्हणून ही घालमेलही मतदाराच्याच वाट्याला येते.

मैत्रिणींची भीती निराधार नाही. १९७२ साली डेमोक्रॅट मतदारांनी व्हिएतनाम युद्धाचे कट्टर विरोधक जॉर्ज मॅकगव्हर्न यांना उमेदवारी दिली आणि निक्सन यांनी पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकली. पण २००४ चं काय? इराक युद्धाला ठाम विरोध करणारे हॉवर्ड डीन मागे पडले आणि बुश यांच्यापुढे टिकतील म्हणून अनेकांनी युद्धात पदकं मिळवलेल्या जॉन केरी यांना पसंती दिली. केरीही हरले. २०१६ मध्ये तर ट्रम्प निवडून येऊच शकत नाहीत, असं त्यांच्याच पक्षातले जाणते सांगत होते.

कोण निवडून येईल हा अनोळखी माणसांच्या मनाबद्दलचा अंदाज असतो. शेजारीण काय करेल याचा अंदाज बांधून तुम्ही मत देता आणि ती तुमचा अंदाज बांधून देते. अशा वेळी दोघींनाही हवा असलेला उमेदवार दोघींच्या मतांवाचून पडू शकतो. शिवाय हा अंदाज मतदानानेच बदलतो. २००८ मध्ये साउथ कॅरोलिनातले अनेक कृष्णवर्णीय मतदार आधी हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेले होते, कारण गोरे लोक ओबामांना मत देतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. ३ जानेवारीला बहुसंख्य गोऱ्या आयोवाने ओबामांना जिंकवलं. २६ जानेवारीला साउथ कॅरोलिनात त्यांना ५५ टक्के मतं पडली.

त्याच राज्याने २०२० मध्ये मात्र वेगळा विचार केला. तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी २६ फेब्रुवारीला बायडेन यांना पाठिंबा दिला आणि तीन दिवसांनी बायडेन जवळपास निम्मी मतं घेऊन जिंकले. त्या कृष्णवर्णीय मतदारांनी तत्त्व सोडलं, असं म्हणायला मी अजिबात तयार नाही. ओबामांचे उपाध्यक्ष म्हणून आठ वर्षं पाहिलेला तो माणूस होता. गोरा शेजारी कुठवर सोबत येईल, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून कळलेलं होतं आणि ट्रम्प यांना हटवणं हेच त्यांच्यापैकी अनेकांसाठी तत्त्व होतं.

तेव्हा मैत्रिणींना विचारा, 'टिकणार नाही' हे कशावरून? याआधी चुरशीच्या मतदारसंघात तो उमेदवार आपटला असेल, तर तो पुरावा आहे, त्याचा विचार करा. पण 'बाई आहे', 'नाव परकं वाटतं', 'फारच स्पष्ट बोलतो' एवढंच उत्तर आलं, तर तो दुसऱ्याच्या पूर्वग्रहाला आपण आधीच दिलेला मान ठरतो. त्यासाठी आपलं मत बदलू नये.

माझा सल्ला सरळ आहे : प्रायमरीत पटणाऱ्यालाच मत द्या. तडजोडीची वेळ नोव्हेंबरमध्ये येते, तेव्हा ती जरूर करा. डेमोक्रॅटिक पक्षात उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनातले प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. १५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की हरलेल्या उमेदवारालाही प्रतिनिधी मिळतात, आणि त्यांच्या बळावर तो पक्षाच्या जाहीरनाम्यात आपले मुद्दे रेटू शकतो. तो उंबरठ्याच्या जवळपासही नसेल, तर उरलेल्यांतला सर्वांत जवळचा निवडा.

आणखी एक, मतदानाची घाई करू नका. २०२० मध्ये तुमच्या राज्यातलं आगाऊ मतदान २९ फेब्रुवारीला संपलं. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतून बुटिजेज १ मार्चला आणि क्लोबुशर २ मार्चला बाहेर पडले. मुख्य मतदान होतं मंगळवारी, ३ मार्चला. त्या दोघांना आधीच दिलेली मतं परत घेता आली नाहीत. मंगळवारी रांगेत उभं राहणं जमणार असेल, तर मंगळवारीच जा.