कोटा भाव वाचवतो, लहान गोठा नियम वाचवतात

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात गोठ्यांना पशुआहाराचा सल्ला देणं हा माझा व्यवसाय. मूळ घर संगमनेर तालुक्यातलं, दुधावर चाललेलं. इथला दुधाचा कोटा मी चार जनावरं सांभाळणाऱ्याच्या नजरेनं पाहत आलो. देशाला लागेल तेवढंच दूध काढायचं आणि त्यातला ठरावीक वाटा, म्हणजे कोटा, प्रत्येक गोठ्याला द्यायचा, ही पद्धत इथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. तिनं मला शिकवलेल्या या गोष्टी.

१. भावाचा भरवसा असेल तरच गोठा टिकतो.
इथे भाव ठरवताना उत्पादनखर्च धरतात आणि बाहेरून येणाऱ्या दुधावर जबर आयातशुल्क असतं. म्हणून कर्ज काढताना शेतकऱ्याला पुढच्या वर्षीच्या मिळकतीचा अंदाज असतो. आपल्याकडे पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर निघतं तेव्हा, दर कोसळला की पेंडीची उधारीसुद्धा फिटत नाही.

२. जादा दुधापेक्षा कमी खर्च मोलाचा.
ऑन्टारियोत कोटा रोजच्या किलो फॅटवर मोजतात. थोडीफार सवलत असते; तिच्यापुढे गेलेल्या दुधाचे पैसे मिळत नाहीत. म्हणून मी लिटर वाढवायला सांगत नाही. वैरण सुधारा, फॅट वाढवा, भाकड काळ आटोक्यात ठेवा, एवढंच सांगतो. प्रत्येक गाय ओळखणाऱ्या लहान शेतकऱ्याला हे चांगलं जमतं.

३. आडबाजूचा गोठा एकटा पडू देऊ नये.
ऑन्टारियोत सगळ्यांचं दूध उत्पादकांच्या मंडळामार्फत विकलं जातं आणि वाहतुकीचा खर्च सामायिक असतो. डेअरीजवळच्याला आणि दूरच्याला दर सारखाच. लहान माणसाचं खरं संरक्षण मला इथे दिसलं.

४. कोटा विकता आला की तो मोठ्याकडे सरकतो.
सुरुवातीला कोटा फुकट वाटला गेला. पुढे त्याला बाजारभाव आला. ऑन्टारियोनं किलोमागे २४,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली आहे. तरीही पन्नास किलोच्या कोट्याला बारा लाख डॉलर लागतात, आणि गाई-जमीन वेगळीच. अल्बर्टा प्रांतात मर्यादा नाही. तिथे दर याच्या दुपटीवर गेला. १९७० च्या आसपास कॅनडात लाखाहून जास्त दूधउत्पादक होते, आज दहा हजारही उरले नाहीत. भाव सांभाळला गेला, पण माणसं घटली.

५. तरीही नियम नसण्यापेक्षा नियम बरे.
अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कोटा नाही. २००४ ते २०२१ या काळात तिथले निम्म्याहून जास्त दुग्धगोठे बंद झाले. युरोपनं १९८४ पासूनचा कोटा २०१५ मध्ये उठवला. दूध वाढलं आणि भाव पडला. ऑन्टारियोत मात्र दरमहा कोट्याची खरेदी-विक्री मंडळाच्या देखरेखीखाली होते, मागणाऱ्या प्रत्येकाला थोडा तरी वाटा मिळतो, आणि नवख्यांना काही कोटा उसना देण्याची योजनाही आहे. मोठ्यांची घोडदौड याच तरतुदींनी थोडी तरी मंदावते.

६. आपल्याकडे कोटा जसाच्या तसा आणू नये.
दोन गाईंच्या घराला दूध घालण्याचा परवाना विकत घ्यावा लागला, तर ते घर धंद्याबाहेर फेकलं जाईल. पण खर्चावर आधारित दर, सामायिक वाहतूक आणि भाव ठरवताना उत्पादकाला मत या तीन गोष्टी आणता येतील. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं. अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडलं, पण अनुदानावर कुणी गोठा बांधत नाही.

दुधाला कोटा मागणाऱ्या आणि त्याला विरोध करणाऱ्या, दोन्ही बाजूंना माझी विनंती आहे. कोणताही नियम करण्याआधी एक विचारा: दोन गाईंचं घर दहा वर्षांनी दूध घालत असेल का? उत्तर ‘हो’ येत नसेल, तर तो नियम बदलून घ्या.