फेकणारा हात आणि वाढते हाड

आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूर येथे १९७८ साली जन्मलेले झहीर खान हे डावखुरे जलद गोलंदाज म्हणून क्रिकेटच्या जगास परिचित आहेत. त्यांनी ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी मिळविले. परंतु त्यांच्या कारकिर्दीची दुसरी एक बाजूही विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. २००९ साली त्यांच्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली; आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा कारणही हेच सांगितले की, दिवसाकाठी सुमारे १८ षटके टाकण्याचा ताण आपला खांदा सोसेल असे वाटत नाही. त्या वेळी ते ३७ वर्षांचे होते. इतक्या श्रमानंतर त्या वयात खांद्याने विसावा मागावा ह्यात नवल नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा खांदा जेव्हा तीच तक्रार करू लागतो, तेव्हा मात्र पालकांनी व शिक्षकांनी थांबून विचार करावयास हवा.

प्रथम सांध्याची रचना पाहू. मांडीच्या हाडाचे डोके खुब्याच्या खोल वाटीत घट्ट बसलेले असते. खांद्यात तसे नाही. दंडाच्या हाडाचा वाटोळा माथा एका उथळ बशीस केवळ टेकलेला असतो, व त्याला जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः भोवतालचे चार लहान स्नायू करीत असतात. ह्या रचनेमुळेच हात चोहोकडे फिरतो, आणि ह्या रचनेमुळेच तो लवकर दुखावतो. चेंडू किंवा भाला फेकणे हे अर्धेच काम होय. तो हातातून सुटल्यावर वेगाने पुढे जाणाऱ्या हातास आवरणे हे दुसरे अर्धे. उतारावर भरलेली गाडी मागे रेटून धरणाऱ्या बैलांस जसे कष्ट पडतात, तसे ते खांद्याच्या मागील स्नायूंस प्रत्येक फेकीगणिक पडतात.

मोठ्या माणसाचे असे श्रम अति झाले म्हणजे बहुधा स्नायू किंवा त्याची दोरी दुखावते. मुलांचे निराळे आहे. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिच्यातूनच हाड वाढते; त्या हाडाच्या लांबीपैकी सुमारे ८० टक्के वाढ ह्या एकाच पट्टीतून होते. साधारणतः अठराव्या वर्षाच्या सुमारास, मुलींत थोडी आधी, ती हाडात विलीन होते. तोपर्यंत त्या ठिकाणी हाड कच्चेच असते. अकरा ते सोळा ह्या वयात वारंवार जोराने फेकल्यास हीच पट्टी दुखावते व क्ष-किरणांच्या चित्रात रुंदावलेली दिसते. ती ओळखू यावी म्हणून डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्या खांद्याचेही चित्र काढवितात. उपचार म्हणाल तर औषध थोडे व विश्रांती फार: सामान्यतः सुमारे तीन महिने फेकणे बंद. तेवढे पाळले तर बहुतेक मुले पूर्ववत खेळू लागतात. न पाळता खेळत राहिल्यास क्वचित हाडाच्या वाढीसही बाध येतो.

हे दुखणे एका फेकीने होत नाही, संख्येने होते. म्हणूनच अमेरिकेतील बालबेसबॉल संघटनेने २००७ सालापासून गोलंदाजाच्या फेकी मोजण्याचा नियम केला. तेथे ११ व १२ वर्षांच्या मुलास एका दिवशी ८५ च्या वर फेकी टाकता येत नाहीत, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक फेकी टाकल्यास पुढे चार दिवस विश्रांती सक्तीची असते. क्रिकेटची गोलंदाजी सरळ हाताने होते व तिचा भार पाठीच्या कण्यावरही पडतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपणांस लागू नाहीत. पण मोजण्याची रीत घेण्याजोगी आहे. आपल्याकडे षटके मोजतात, हात मोजीत नाहीत! सीमेवरून केलेली फेक कोण लिहून ठेवतो? एकच चांगला मुलगा सकाळी शाळेच्या सामन्यात, सायंकाळी सरावात आणि रविवारी गावच्या टेनिस-चेंडूच्या स्पर्धेत हात फिरवितो; तीन कर्णधारांपैकी एकासही दुसऱ्या दोघांची वार्ता नसते. सगळा हिशेब ठाऊक असतो तो घरी, आईस. तिने तो मागावा.

फेक केवळ हाताची नव्हे, हेही मुलांनी शिकावे. ज्वारीच्या राखणीस माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा शेतकरी पाहा. त्याचे पाय रोवलेले असतात, कंबर वळते, आणि हात सर्वांत शेवटी येतो. ज्याचे पाय व कंबर दुबळे, त्याच्या खांद्यास त्यांचाही वाटा उचलावा लागतो. म्हणून बैठका व धावणे हा फेकणाऱ्याचाही व्यायाम आहे. नुसते जोर काढून छाती भरदार होते खरी, पण हाताला आवरणारे मागचे स्नायू तसेच राहतात. त्यांच्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खिडकीच्या गजास बांधावा, कोपर बरगडीस चिकटवून काटकोनात वाकवावे, व मनगट सावकाश बाहेरच्या बाजूस न्यावे. खेळ संपल्यावर तोच हात छातीवरून आडवा घेऊन दुसऱ्या हाताने तीस सेकंद हलकेच ओढून धरावा. ह्यांपैकी काहीही करताना दुखता कामा नये. मैदानात उतरताच लांब फेक करू नये. आधी धावून अंग तापवावे, मग जवळून, मग दुरून.

आता दुखण्याविषयी. व्यायामानंतर अंग आंबते, ते दोन दिवसांत जाते. पण फेकतानाच दंडाच्या वरच्या भागी कळ येणे, फेक पूर्वीइतकी लांब न जाणे, किंवा रात्री त्या कुशीवर निजवेनासे होणे, ही निराळी लक्षणे होत. अशा वेळी मलम चोळून मुलास मैदानात धाडणे, किंवा हाडवैद्याकडून सांधा ओढवून घेणे, दोन्ही चूक. संघातून वगळतील ह्या भयाने मुले बहुधा दुखणे लपवितात. तेव्हा शर्ट घालताना मूल हात कसा उचलते इकडे पालकांनी लक्ष द्यावे. क्षेत्ररक्षणात पडून सांधा निखळला तर ती गोष्ट उघड दिसते. श्रेयस अय्यर ह्यांचा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे असाच निखळला होता. फेकण्याने झिजत जाणाऱ्या खांद्याची मात्र वाच्यता होत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही परतणे पायरीपायरीने व्हावे. पहिल्या आठवड्यात दहा पावलांवरून, अर्ध्या जोराने, थोड्याच फेकी, त्याही एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला नाही तरच अंतर वाढवावे. दुखल्यास मागच्या पायरीवर यावे. त्या काळात मुलास संघाबाहेर न बसविता धावफलक लिहिण्याचे किंवा झेलांच्या सरावाचे काम द्यावे, म्हणजे दुखणे सांगितल्याची शिक्षा झाली असे त्यास वाटणार नाही.